घर बांधण्यापूर्वी शेजाऱ्याला कळविणे : शरीअतची शिकवण आणि आपली जबाबदारी

घर बांधणे किती अवघड असते, हे ‘घर पाहावे बांधून’ या म्हणीने मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले आहे. घर बांधायला निघालेला मनुष्य जागेची कागदपत्रे जमवितो, मोजणी करून घेतो, अभियंत्याकडून नकाशा काढतो, परवानगीसाठी अर्ज करतो, गवंडी ठरवितो आणि सळई-सिमेंटचा भाव विचारत फिरतो. या सर्व धावपळीत एका माणसाकडे जाण्याचे मात्र बहुधा राहून जाते. तो म्हणजे भिंतीपलीकडचा शेजारी. पाया खणण्याचा आवाज कानी येईपर्यंत त्याला काहीच ठाऊक नसते.

प्रस्तुत लेखात याच एका मुद्द्याचा अभ्यास करावयाचा आहे. बांधकामाचा, मजला चढविण्याचा किंवा राहत्या घराचे दुकान, गोदाम अथवा कारखाना करण्याचा अर्ज देण्यापूर्वी शेजाऱ्याला कळविणे, हे इस्लामी शिकवणीनुसार केवळ सौजन्य आहे की कर्तव्य? आणि कर्तव्य असेल तर कोणत्या मर्यादेपर्यंत?

आपल्या वस्तीचे स्वरूप

जालना शहराच्या पूर्वेस उभा असलेला मस्तगड हा किल्ला निजाम-उल-मुल्क आसफजाह यांच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ साली बांधविला. या गडाच्या सावलीत आणि कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर जी जुनी वस्ती वाढली, तिची घरे एकमेकांना लागून आहेत. दोन घरांमध्ये एकच भिंत, एकाचे पन्हाळ दुसऱ्याच्या अंगणाच्या दिशेने, तीन-चार कुटुंबांची ये-जा एकाच बोळातून, अशी रचना येथे सर्रास आढळते. मराठवाड्यातील बहुतेक जुन्या कसब्यांचे चित्र असेच आहे. अशा वस्तीत कोणीही केलेले बांधकाम केवळ त्याचे एकट्याचे राहत नाही. एकाने मजला चढविला की दुसऱ्याच्या घरातला उजेड कमी होतो. एकाने खिडकी पाडली की दुसऱ्याच्या घरातील स्त्रियांना स्वतःच्या अंगणात वावरणे अवघड होते.

जुम्याच्या नमाजनंतर लोक इमामाकडे जे प्रश्न घेऊन येतात, त्यांत तलाक आणि वारसाहक्काच्या खालोखाल भिंतीचे, बोळाचे आणि सांडपाण्याचे प्रश्न असतात. तक्रार ऐकताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. बांधकामापेक्षाही माणसाला जास्त लागते ते हे, की ‘आम्हाला विचारलेसुद्धा नाही.’ एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभी राहणारी दोन घरे एका खिडकीपायी वर्षानुवर्षे सलाम टाकून देतात. वास्तविक, मुसलमानाने आपल्या बांधवाशी तीन दिवसांपेक्षा अधिक अबोला धरणे वैध नाही, अशी स्पष्ट हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

कुरआनमधील शेजारी

सूरह अन-निसाच्या ३६ व्या आयतीत अल्लाहने प्रथम आपली एकट्याची उपासना करण्याचा व कोणालाही आपला भागीदार न ठरविण्याचा आदेश दिला आहे. लगेच त्यानंतर आईवडील, नातेवाईक, अनाथ आणि गरजू यांच्याशी सद्वर्तनाचा आदेश येतो आणि मग तीन प्रकारचे शेजारी येतात : नात्याचा शेजारी, परका शेजारी आणि बाजूचा सोबती. भाष्यकारांनी ‘परका शेजारी’ याचा अर्थ नात्याने परका असा केला आहे आणि अनेकांनी धर्माने परका असाही केला आहे. म्हणजे शेजाऱ्याचा हक्क त्याच्या नात्यावर किंवा धर्मावर अवलंबून नसून त्याचे घर आपल्या घराला लागून आहे, या एकाच गोष्टीवर आधारलेला आहे.

याचे आचरण सहाबांनी कसे केले, हे अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या एका प्रसंगावरून कळते. त्यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारले, की आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठविला का? कारण म्हणून त्यांनी पैगंबरांची (स.) ती प्रसिद्ध हदीस सांगितली, जिचा आशय असा आहे, की जिब्रील (अलै.) शेजाऱ्याविषयी इतकी सातत्याने ताकीद करीत राहिले, की शेजाऱ्याला वारसच ठरविले जाते की काय, असे वाटू लागले. हा प्रसंग अबू दाऊद व तिर्मिजी यांनी नोंदविला आहे.

शेजारी वारस ठरला नाही. परंतु वारसाच्या इतक्या जवळ आणून ठेवलेल्या माणसाला आपल्या बांधकामाची वार्ता रस्त्यावरच्या वाळूच्या ढिगावरून कळावी, हे या शिकवणीशी सुसंगत म्हणता येईल काय?

आधी कळवा, मग व्यवहार करा

पूर्वसूचनेचा सर्वांत स्पष्ट आधार ‘शुफआ’ म्हणजे अग्रखरेदीच्या हक्काच्या प्रकरणात सापडतो. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा, की ज्याच्या घरात किंवा बागेत कोणी भागीदार असेल, त्याने भागीदाराला कळविल्याखेरीज आपला हिस्सा विकणे वैध नाही. भागीदाराची इच्छा असेल तर तो घेईल, नसेल तर सोडून देईल. मात्र न कळविता विकला गेला, तर पहिला हक्क भागीदाराचाच राहील. येथे ‘कळविणे’ ही स्वतंत्र अट आहे. समोरचा घेणार नाही हे आपल्याला ठाऊक आहे, ही सबब पुरत नाही.

जाबिर (रजि.) यांच्याकडूनच आलेली दुसरी हदीस अबू दाऊद, तिर्मिजी व इब्ने माजह यांच्या संग्रहांत आहे. तिचा आशय असा, की दोघांचा रस्ता एक असेल तर शेजारी अग्रखरेदीला अधिक पात्र आहे आणि तो गावात नसला तरी त्याची वाट पाहिली जावी. जो दूर आहे त्याचीसुद्धा वाट पाहावयाची. मग जो भिंतीपलीकडे बसला आहे, त्याला न सांगण्याला कोणते कारण उरते?

या शिकवणीवर सहाबांनी आर्थिक तोटा सोसून अंमल केला. सहीह बुखारीत असा प्रसंग आहे, की पैगंबरांचे (स.) मुक्त केलेले सेवक हजरत अबू राफिअ (रजि.) यांच्या मालकीच्या दोन खोल्या हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आवारात होत्या. त्या विकावयाच्या ठरल्या तेव्हा ते प्रथम सअद यांच्याकडे आले. सअद यांनी चार हजार दिरहमांपेक्षा अधिक देणार नाही आणि तेही हप्त्यांनी देईन, असे सांगितले. अबू राफिअ म्हणाले, की मला याच खोल्यांचे रोख पाचशे दीनार मिळत होते. एका दीनाराचे दहा दिरहम धरले तरी ती रक्कम पाच हजार होते. तरीही त्यांनी त्या सअद यांनाच दिल्या, कारण शेजारी आपल्या निकटतेमुळे अधिक हक्कदार असतो, ही पैगंबरांची (स.) शिकवण त्यांनी स्वतः ऐकली होती.

हनफी फिकहमध्ये या हक्काची तीन पायऱ्यांची उतरंड आहे : प्रथम मालमत्तेतील भागीदार, नंतर रस्ता व पाणी यांसारख्या सोयींमधील भागीदार आणि शेवटी लागून असलेला शेजारी. इमाम मरगीनानी (रह.) यांच्या ‘हिदाया’ या ग्रंथात ही मांडणी विस्ताराने आली आहे. भारतात मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या भाऊराम विरुद्ध बैजनाथ या निकालात, केवळ शेजारीपणाच्या आधारावरील अग्रखरेदीचा हक्क राज्यघटनेशी विसंगत ठरविला. सहहिस्सेदाराचा हक्क मान्य ठेवला. तेव्हा न्यायालयात शेजारी म्हणून असा दावा उभा करता येणार नाही. परंतु न्यायालयात लागू होणारा नियम आणि अल्लाहसमोर द्यावयाचा जबाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रीपूर्वी शेजाऱ्याला कळविण्यास कोणत्याही कायद्याने मनाई केलेली नाही.

हानी करू नये, हानीला हानीने उत्तर देऊ नये

विक्रीकडून आता बांधकामाकडे वळू. येथील पायाभूत तत्त्व ज्या हदीसवर उभे आहे, ती मुवत्ता व इब्ने माजह यांत आली असून तिचा आशय असा, की कोणाला हानी पोहोचवू नये आणि हानीची परतफेड हानीने करू नये. फिकहच्या शेकडो मसाइलचा पाया हे एक तत्त्व आहे.

याचा व्यवहार अबू दाऊदमधील एका प्रसंगात दिसतो. हजरत समुरा बिन जुंदुब (रजि.) यांची काही खजुराची झाडे एका अन्सारी व्यक्तीच्या बागेत होती. ते झाडांकडे येत-जात, त्यामुळे बागेत राहणाऱ्या कुटुंबाला त्रास होई. पैगंबरांनी (स.) त्यांना झाडे विकण्यास सुचविले, मग बदल्यात दुसरी घेण्यास, मग दान देऊन पुण्य मिळविण्यास सुचविले. एकही पर्याय मान्य न झाल्यावर त्यांनी याला हानी पोहोचविणे ठरवून अन्सारी व्यक्तीला झाडे काढून टाकण्याची अनुमती दिली. झाडांची मालकी निर्विवाद होती. तरी मालकीचा उपयोग दुसऱ्याच्या घरच्या शांततेवर उठला, तेव्हा मालकीलाही मर्यादा पडली. शिवाय, अंतिम निर्णयापूर्वी तीन वेळा बोलणी झाली, हेही येथे ध्यानात घ्यावे.

घराच्या एकांताविषयी इतिहासकार इब्ने अब्दुल हकम यांनी मिसरमधील घटना नोंदविली आहे. फुस्तात शहरात खारिजा बिन हुजाफा यांनी घरावर वरची खोली बांधली. ही वार्ता हजरत उमर (रजि.) यांच्यापर्यंत पोहोचली, तेव्हा शेजाऱ्यांच्या घरात डोकावता येत असेल तर ती पाडावी, असे त्यांनी राज्यपाल अम्र बिन आस (रजि.) यांना लिहिले. बांधून झालेली खोली पाडण्यापेक्षा, ती बांधण्यापूर्वी खिडकीची उंची शेजाऱ्यासमोर ठरविणे किती सोपे होते!

दुसऱ्या बाजूने शेजाऱ्यालाही बंधन आहे. बुखारी व मुस्लिममधील हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या हदीसनुसार, शेजाऱ्याने आपल्या भिंतीत तुळईचे टोक बसविण्याची इच्छा दर्शविली तर त्याला अडवू नये. इमाम अहमद (रह.) यांनी हा आदेश बंधनकारक मानला, तर अन्य बहुतेक फकीहांनी तो उत्तम आचरणाचा मानला. मुवत्तामध्ये असेही आहे, की दह्हाक बिन खलीफा यांना पाण्याचा पाट मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) यांच्या जमिनीतून न्यावयाचा होता. पाटाचा उपयोग दोघांनाही होता, हानी काहीच नव्हती. तरी मुहम्मद बिन मस्लमा तयार होईनात. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी पाट नेण्याचा हुकूम दिला. हानी नसताना केवळ अडविण्यासाठी अडविणे, हेही वैध नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शेजाऱ्याच्या संमतीविना त्याचा वारा अडेल इतकी उंच इमारत बांधू नये, अशा आशयाची हदीस आपल्याकडील व्याख्यानांतून नेहमी सांगितली जाते. मुहद्दिसांनी तिच्या सनदीला जईफ म्हणजे दुर्बल ठरविले आहे. त्यामुळे तिच्यावर स्वतंत्र हुकूम उभारता येत नाही. परंतु वर आलेल्या सहीह हदीसांनी जो पाया घातला आहे, तो आपल्या विषयासाठी पुरेसा आहे.

फकीहांनी आखलेल्या मर्यादा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कळविणे कोठे बंधनकारक आहे आणि कोठे उत्तम आहे? याचे तीन भाग करता येतील.

पहिला भाग सामाईक वस्तूंचा. भिंत, विहीर, जिना किंवा आवार सामाईक असेल, तर केवळ कळविणे पुरत नाही. भागीदाराची संमती लागते. सामाईक भिंतीवर एकट्याने मजला चढविणे म्हणजे दुसऱ्याच्या मालकीत हस्तक्षेप होय.

दुसरा भाग बोळाचा. हनफी फकीहांनी वाहता रस्ता आणि बंद बोळ यांत फरक केला आहे. जो बोळ दुसऱ्या टोकाला बंद आहे, तो तेथील रहिवाशांचा सामाईक समजला जातो. तेथे नवे पन्हाळ सोडावयाचे, सज्जा पुढे काढावयाचा किंवा ओटा वाढवावयाचा, तर बोळातील सर्वांची संमती हवी. वाहत्या रस्त्यावर नियम वेगळा असला, तरी तेथेही ये-जा करणाऱ्यांना त्रास होता कामा नये.

तिसरा भाग पूर्णपणे स्वतःच्या जागेचा. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मूळ मतानुसार मालक आपल्या जागेत हवे ते करू शकतो. परंतु नंतरच्या हनफी फकीहांनी लोकांची गरज पाहून, उघड व गंभीर हानी होत असेल तर त्याला रोखावे, असा फतवा दिला. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्यात हनफी फिकहच्या आधारे ‘मजल्ला’ ही कायद्याची संहिता तयार झाली. तिच्या ११९७ ते १२०२ या कलमांत हाच नियम आहे. इमारत कमकुवत होणे किंवा राहण्यासारख्या मूळ गरजेत अडथळा येणे, याला तेथे गंभीर हानी म्हटले आहे. घराशेजारी लोहाराची भट्टी किंवा गिरणी घातल्याने भिंती हादरणे, खोलीचा उजेड पूर्णपणे बंद होणे, स्त्रियांचा वावर असलेल्या अंगणात, स्वयंपाकघरात किंवा विहिरीच्या काठावर नजर पडणे, ही तिची उदाहरणे आहेत. केवळ दूरवरचे दृश्य झाकले जाणे मात्र गंभीर हानी मानलेले नाही. म्हणजे शेजाऱ्याच्या प्रत्येक नाराजीला शरीअतने नकाराधिकार दिलेला नाही.

या तिसऱ्या भागात शेजाऱ्याची परवानगी ही अट नाही. परंतु आपल्या बांधकामाने गंभीर हानी होईल की नाही, हे एकटा मालक कसा ठरविणार? कोणत्या खिडकीतून उजेड येतो, घरात आजारी कोण आहे, पाण्याची टाकी कोठे पुरली आहे, हे शेजारीच सांगू शकतो. हानी टाळणे बंधनकारक असेल, तर हानी जाणून घेण्याचा मार्गही तितकाच महत्त्वाचा ठरतो, आणि तो मार्ग म्हणजे आधी जाऊन सांगणे. फकीह ‘कजा’ व ‘दियानत’ असा भेद करतात. काजी जे लादू शकतो ते कजा. मनुष्याने अल्लाहच्या भयाने स्वतःहून करावयाचे ते दियानत. स्वतःच्या जागेतील बांधकामाची पूर्वसूचना ही दियानतची बाब आहे. तिला न्यायालयाची सक्ती नाही, म्हणून ती हलकी ठरत नाही.

आपल्या देशाचा कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात बांधकामाची परवानगी १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली दिली जाते. अर्जाविषयीचे कलम ४४ आणि परवानगी देण्या-नाकारण्याविषयीचे कलम ४५ यांत अर्जदाराने शेजाऱ्याला कळवावे, अशी अट नाही. अर्जदार आणि नियोजन प्राधिकरण यांच्यातच हा व्यवहार पूर्ण होतो. जालन्यात २०२३ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. अधिनियम मात्र तोच आहे.

परंतु याच अधिनियमात पूर्वसूचनेचे तत्त्व अन्यत्र मान्य केलेले आहे. शहराची विकास योजना तयार होते, तेव्हा प्रारूप प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल करावयाचा झाल्यास कलम ३७ नुसार राजपत्रात सूचना प्रसिद्ध करावी लागते, एवढेच नव्हे तर त्या फेरबदलाचा ज्यांच्यावर परिणाम होणार, त्या सर्वांना नोटीस देऊन त्यांची सुनावणी घ्यावी लागते. जमिनीच्या मोजणीच्या वेळी भूमी अभिलेख कार्यालय लगतच्या धारकांना नोटीस पाठविते. तलाठी फेरफाराची नोंद घेताना हितसंबंधितांना लेखी कळवितो. खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्याविना दस्त पुरा होत नाही. म्हणजे मालमत्तेची ओळखच शेजाऱ्यांच्या नावाने पटते, पण घर बांधताना त्याच शेजाऱ्याला विचारले जात नाही.

काही देशांनी ही उणीव कायद्याने भरून काढली आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९९६ च्या सामाईक भिंतींच्या कायद्यानुसार, अशा भिंतीवर काम करावयाचे असेल तर मालकाने स्वतः शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते; शेजारच्या इमारतीजवळ ठरावीक अंतराच्या आत खोल पाया खणावयाचा असेल तर एक महिना आधी. शेजाऱ्याने संमती दिली नाही तर तज्ज्ञ सर्वेक्षक नेमून वाद सोडविला जातो. जे तेथे संसदेने कायदा करून घडवून आणले, ते आपल्याकडे ईमानच्या तगाद्याने घडावयास हवे होते.

आणखी एक गोष्ट. ‘माझ्याकडे परवानगी आहे’ या उत्तराने शेजाऱ्याचे तोंड बंद करता येते, हक्क संपत नाही. परवानगी नकाशा तपासून मिळते. शेजारी रात्रपाळी करून दिवसा झोपतो, हे नकाशात दिसत नाही. आणि परवानगीच नसताना, ‘गल्लीत सगळेच असे बांधतात’ म्हणून बांधणे, हे तर राज्याचा कायदा आणि शेजाऱ्याचा हक्क या दोहोंचे उल्लंघन आहे.

मशीद व मदरशाचे बांधकाम

मशिदीचे विश्वस्त समजतात, की अल्लाहच्या घरासाठी कोणी हरकत घेऊ नये. इतिहास वेगळे सांगतो. मदीनेतील मशिदीची जागा दोन अनाथ मुलांची होती. त्यांनी ती विनामूल्य देऊ केली, पैगंबरांनी (स.) ती मोल देऊनच घेतली. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी मशिदीच्या विस्तारासाठी हजरत अब्बास (रजि.) यांचे घर मागितले, तेव्हा त्यांनी नकार दिला. इब्ने सअद यांच्या नोंदीनुसार हा वाद हजरत उबय बिन कअब (रजि.) यांच्यापुढे गेला आणि निर्णय खलीफांच्या विरोधात लागला. त्यानंतरच अब्बास यांनी ते घर स्वखुशीने दान केले.

म्हणून वजूखाना वाढविणे, वरचा मजला चढविणे, सभागृह बांधणे किंवा ध्वनिवर्धकाची दिशा बदलणे, यांपैकी काहीही करण्यापूर्वी विश्वस्तांनी आसपासच्या प्रत्येक घरी, मग ते मुस्लिम असो वा हिंदू, बौद्ध किंवा जैन, स्वतः जाऊन सांगावे. अर्ज गेल्यानंतर अफवेतून कळलेल्या बांधकामाविषयी संशय निर्माण होतो आणि तो पुढे कोणत्या थराला जाईल, हे सांगता येत नाही. आधी कळविलेल्या बांधकामाला शेजारी विरोध करणारच नाहीत असे नाही. पण तो विरोध समोरासमोर बोलता येण्याजोगा असतो.

कळवावे कसे?

१. अर्ज देण्यापूर्वी कळवावे. मंजूर नकाशा हाती घेऊन गेल्यास ती केवळ घोषणा होते. नकाशा अजून बदलता येण्याजोगा असताना गेल्यास शेजाऱ्याच्या शब्दाला किंमत राहते.

२. स्वतः जावे. हजरत आयेशा (रजि.) यांनी दोन शेजाऱ्यांपैकी भेट आधी कोणाला द्यावी असे विचारले, तेव्हा ज्याचे दार अधिक जवळ त्याला, असे उत्तर मिळाले. हाच क्रम येथेही ठेवावा. घरात स्त्रियाच असतील तर आपल्या घरातील स्त्रियांना सोबत न्यावे. अंगण, पाणी आणि आडोसा यांची माहिती त्यांनाच अधिक असते.

३. नेमके सांगावे. किती मजले, कोणत्या बाजूला खिडक्या, पाया किती खोल, सांडपाणी कोठे जाणार, काम किती महिने चालणार आणि दिवसाच्या कोणत्या वेळी. वापर बदलणार असेल, म्हणजे घराचे गोदाम किंवा वेल्डिंगचे दुकान होणार असेल, तर ते लपवू नये. अर्धवट सांगणे हीदेखील फसवणूक आहे.

४. शेजारी बाहेरगावी असेल तर दूरध्वनीने कळवावे आणि थोडी वाट पाहावी. घर भाड्याने दिलेले असेल तर मालक व भाडेकरू दोघांनाही सांगावे. राहणारा तोच आहे.

५. ठरले ते लिहून ठेवावे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. तोच धडा घेऊन, खिडकीची उंची, भिंतीची जाडी आणि तडे गेल्यास दुरुस्ती कोणी करावी, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. काम सुरू होण्यापूर्वी शेजाऱ्याच्या भिंतीची छायाचित्रे काढून ठेवल्यास पुढे दोघांचेही संरक्षण होते.

६. मतभेद झालाच तर मोहल्ल्यातील जाणता गवंडी किंवा अभियंता आणि दोघांना मान्य असलेली एक व्यक्ती, अशांना मध्यस्थ नेमावे. ट्यूनिसमध्ये चौदाव्या शतकात होऊन गेलेले इब्नुर्रामी हे स्वतः गवंडी होते आणि काजी त्यांना भिंतींचे वाद पाहावयास पाठवीत. त्या अनुभवातून त्यांनी बांधकामाच्या नियमांवर ग्रंथ लिहिला. भिंतीचा वाद भिंतीपाशी उभे राहूनच सुटतो.

ज्याला कळविले जाते, त्याचे कर्तव्य

सांगायला आलेल्या शेजाऱ्याला अपराधी समजू नये. त्याने न सांगताही अर्ज दिला असता. आपली हानी खरी असेल तर ती स्पष्टपणे आणि मर्यादेत सांगावी. हरकत मागे घेण्यासाठी पैसे मागणे, जुन्या भांडणाचा सूड म्हणून कार्यालयात निनावी तक्रारी करणे, किंवा त्याचे घर आपल्यापेक्षा उंच होते म्हणून अडविणे, हे सर्व निषिद्ध आहे. पहिल्यात दुसऱ्याचे धन अन्यायाने खाणे आहे, दुसऱ्यात जुलूम आहे आणि तिसऱ्यात मत्सर. हानीला हानीने उत्तर न देण्याचा आदेश येथे हरकत घेणाऱ्यालाच उद्देशून आहे.

समारोप

सारांश असा : सामाईक भिंत, बंद बोळ आणि सामाईक आवार यांत शेजाऱ्याची संमती आवश्यक आहे. स्वतःच्या जागेत परवानगी लागत नाही, पण गंभीर हानी टाळणे बंधनकारक आहे आणि ती टाळण्याचा खात्रीचा मार्ग पूर्वसूचना हाच आहे. सहहिस्सेदाराला विक्रीपूर्वी कळविणे हा हदीसचा स्पष्ट आदेश आहे.

बुखारीतील एका हदीसमध्ये पैगंबरांनी (स.) तीन वेळा अल्लाहची शपथ घेऊन सांगितले, की ज्याच्या उपद्रवापासून त्याचा शेजारी सुरक्षित नाही, तो ईमानधारक नाही. आपण बांधतो ते घर चाळीस-पन्नास वर्षे उभे राहते. त्याने शेजाऱ्याच्या घरात अंधार केला असेल, तर तो उपद्रव तितकी वर्षे दररोज चालू राहतो. आपण झोपेत असतानाही आणि आपण या जगातून गेल्यावरही. ज्यांची घरे अद्याप कागदावरच आहेत, त्यांच्या हाती अजून वेळ आहे. त्यांनी नकाशा घेऊन आधी शेजारचे दार ठोठवावे.

अल्लाह आपल्या घरांत बरकत देवो, आपल्या शेजाऱ्यांना आपल्यापासून सुरक्षित ठेवो आणि आपल्यालाही सज्जन शेजार लाभो. आमीन.